पैसे कुठल्या बँकेत गेले?
2019च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या बऱ्याच घरांत एकच विषय होता: आता गावातच राहायचं की जयसिंगपूर नाहीतर इचलकरंजी गाठायची. ज्यांनी बिऱ्हाड हलवलं त्यांनी गॅस, रेशनकार्ड, पोरांची शाळा सगळं आठवणीनं बदललं. बँकेचा मात्र घोळ झाला. सरकारी अनुदान हल्ली घराचा पत्ता बघत नाही. ‘लाडकी बहीण’चे 1500 असोत की पीएम-किसानचा 2000चा हप्ता, आधारशी जी बँक सर्वांत शेवटी जोडली गेली, तिथंच तो जातो. नव्या गावात खातं उघडताना काउंटरवरच्या फॉर्मवर ‘डीबीटीसाठी (म्हणजे अनुदान थेट खात्यात येण्यासाठी) आधार जोडा’ या चौकटीत टिक केली की रक्कम तिकडं वळते, आणि म्हातारी मात्र शिरोळच्या जुन्या पासबुकात एन्ट्री मारत बसते. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं डीबीटीला जोडलं गेलं, हा समजही तितकाच महागात पडतो. संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानाचं प्रकरण अजून निराळं, कारण ते तहसीलमधून चालतं. जयसिंगपूरला गेलात तर तालुका तोच. इचलकरंजी म्हणजे हातकणंगले, तिथं बदल कळवावाच लागतो, हयातीचा दाखलाही वेळेवर द्यावा लागतो. तेव्हा सामानाचा टेम्पो भरण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडलेली दिसते ते बघा, आणि जुनं खातं हप्ता नव्या खात्यात जमा होईपर्यंत बंद करू नका.