घरटे कुणाचे, ते आधी पाहावे

धायरीतल्या आमच्या बाल्कनीत दोन पाहुण्या येतात. घरात दोघींनाही एकच नाव, गांधीलमाशी, आणि दोघींवर एकच इलाज, झाडू. गेल्या वर्षी या घाईनेच घात केला. कपड्यांच्या दांडीवर लटकलेले घर आमच्या थोरल्याने काठीने पाडले. माश्या चावल्या त्या मात्र दारात उभ्या असलेल्या शेजारच्या लहानग्याला. त्याच्या आईपुढे मान वर करणे आम्हांला जड गेले. म्हणून यंदा मुलांना आधी घरटी ओळखायला शिकवली.

पहिली कागदवाली, उर्दूत हिला भिड म्हणतात. ती जुने लाकूड, वाळक्या काड्या कुरतडते, लाळेत चघळून लगदा करते आणि त्याच्या सहा कोनी खोल्या बांधते. खोल्यांची तोंडे खाली. सगळे घर एका बारीक देठावर तोललेले. मुंग्या येऊ नयेत म्हणून त्या देठाला ती आपल्या पोटाकडच्या ग्रंथीतला द्राव पुसते. छज्जा, पत्रा, खिडकीची चौकट अशी आडोशाची जागा तिला आवडते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. राघवेंद्र गदगकर यांनी अशाच एका भारतीय जातीचा कित्येक वर्षे अभ्यास केला. त्या जातीत राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच असतात.

दुसरी कुंभारीण. ही एकटी. कुंडीतल्या ओल्या मातीच्या गोळ्या आणून पडद्यामागे, पुस्तकांच्या फळीवर, अगदी कुलपाच्या भोकातही घर करते. डंख मारून लुळी केलेली अळी किंवा कोळी आत भरते, अंडे घालते, तोंड लिंपते. गुणगुणून ती अळीलाच आपल्यासारखी करते, असे जुने लोक मानत. खरे तर अंड्यातून निघालेले पिल्लू तो साठा खाऊन वाढते. कुंभारीण घरट्यावर पहारा देत नाही, सहसा चावतही नाही. मातीला भोक दिसले की पिल्लू उडाले समजावे आणि मग खरवडून टाकावे.

कागदवालीचे घर हातापासून लांब असेल तर राहू द्यावे. बागेतल्या अळ्या ती पिल्लांसाठी नेते. दाराशी, दांडीवर असेल तर काठी नको, पेटता बोळा तर मुळीच नको. कीटक काढणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवावे. मधमाशीचा काटा अंगात राहतो, हिचा राहत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते. आधी तिथून दूर व्हावे, जागा धुऊन बर्फ लावावा. ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर चुना लावत बसू नये. 108 ला फोन करून लगेच दवाखाना गाठावा.

यंदा घर स्वयंपाकघराच्या छज्जाखाली आहे. खिडकी बंद ठेवून शेजारच्या लहानग्याला आम्हीच बोलावले. अम्मींच्या पदराआडून, काचेतून तो बराच वेळ पाहत राहिला. मग विचारले, "यातली राणी कोणती?"

आम्हांला सांगता आले नाही.