देवळातली शपथ आणि कोर्टातली शपथ: कायदा नेमकं काय मानतो?

गोवा विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. निवडणूक जवळ आली की गोव्यात एक जुना विषय पुन्हा निघतो, पक्ष न सोडण्याच्या शपथेचा. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीचं महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा खुरीस आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेलं. निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही, असं तिथे वदवून घेतलं. पाठोपाठ लेखी प्रतिज्ञापत्रंही घेतली. ४० पैकी ११ जागा मिळाल्या आणि १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्या ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. शपथेचं काय झालं, असं विचारल्यावर माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांच्या उत्तराचा अर्थ असा होता, की आपण देवाला पुन्हा विचारलं आणि देवाने योग्य वाटेल ते कर म्हणून सांगितलं.

लोकांनी त्यावर विनोद केले. पण कायद्याच्या तराजूत त्या शपथेचं वजन किती होतं? सरळ सांगायचं तर काहीच नव्हतं. आमदाराला पक्षाशी बांधतं ते राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा. त्यात विलीनीकरणासाठी दोन तृतीयांश आमदारांची अट आहे. ११ चे दोन तृतीयांश होतात ७.३३, म्हणजे माणसं लागतात ८. गेलेही बरोबर ८. देवाला विचारलं असेल-नसेल, हा हिशोब मात्र चोख केलेला होता. पुढे अपात्रतेच्या अर्जावर सभापतींचा निकालही या आमदारांच्याच बाजूने लागला.

कोर्टात गीता नसते

मग कायदा शपथ मानतो तरी कुठली? सिनेमातल्या कोर्टात साक्षीदार गीतेवर हात ठेवतो. प्रत्यक्षात कुठल्याही कोर्टात जाऊन बघा, तिथे ग्रंथ नसतो. इंग्रजांच्या काळात गंगाजल आणि कुराणावर शपथ देण्याची पद्धत होती. १८४० च्या कायद्याने तिच्या जागी गंभीरपणे प्रतिज्ञा करण्याची पद्धत आणली. आज लागू आहे तो १९६९ चा शपथ कायदा. त्यात साक्षीदाराला दोन वाटा आहेत, ईश्वराच्या नावाने शपथ घ्या किंवा नुसती गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. पुढचं वाक्य दोघांना एकच: जे सांगेन ते खरं सांगेन, पूर्ण सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही.

या कायद्याचं कलम ७ वाचण्यासारखं आहे. शपथ द्यायची राहून गेली किंवा तिच्या शब्दांत चूक झाली, तरी साक्ष रद्द होत नाही आणि खरं बोलण्याचं बंधनही सुटत नाही. म्हणजे बांधतो तो कायदा, देवाचं नाव घेणं हा तुमचा ऐच्छिक भाग. आरोपीला मात्र शपथ देता येत नाही. तो स्वतः बचावाचा साक्षीदार म्हणून उभा राहिला तरच देता येते. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करायची नाही, हे त्यामागचं तत्त्व.

भंडारा उचलायला लावणं हा गुन्हा ठरू शकतो

आपल्या सीमाभागात निवडणूक ग्रामपंचायतीची असो की आमदारकीची, मतदानाच्या आदल्या रात्री काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाकिटाबरोबर भंडारा येतो, कुठे बेल-भंडारा, कुठे नारळ. ‘उचल आणि सांग, मत आम्हालाच.’ गरीब माणूस पैशापेक्षा त्या शपथेला जास्त घाबरतो, कारण घरात पोरंबाळं असतात.

भारतीय न्याय संहितेचं कलम १७१ इथे लागू होऊ शकतं. मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल, असं मतदाराला भासवणं किंवा भासवायचा प्रयत्न करणं म्हणजे मतदानावर गैरवाजवी दबाव. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. हे कलम ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सगळीकडे चालतं. आमदार-खासदारकीच्या निवडणुकीत लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ ही अशा कृत्याला भ्रष्ट आचरण मानतं आणि त्यावरून निवडही रद्द होऊ शकते. तेव्हा भंडारा उचलायला लावला गेला म्हणून मत बांधलं गेलं, असं कायदा मानत नाही. उलट उचलायला लावणाराच अडचणीत येऊ शकतो.

खरी शपथ बाँड पेपरवर

कायद्याने बांधणारी शपथ आपण घेतो ती तहसीलदार कचेरीच्या बाहेर, टायपिंगवाल्याच्या टेबलावर. उत्पन्नाचा दाखला, वारसा, नावातला बदल, जमिनीची वाटणी, प्रत्येकाला अ‍ॅफिडेव्हिट लागतं. ‘इथे सही करा’ म्हटलं की आपण करतो. त्या कागदावर ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’ अशी ओळ असते आणि तीच शपथ. मजकूर खोटा निघाला तर ‘टाइप दुसऱ्याने केलं’ एवढ्यावर सुटका होत नाही. कोर्टाच्या कामात जाणूनबुजून खोटा पुरावा दिला तर कलम २२९ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, इतर ठिकाणी तीन वर्षं आणि पाच हजार.

राज्याबाहेर राहणाऱ्या मराठी माणसासाठी हा धोका दुप्पट आहे. बेळगावात कागद कन्नडमध्ये, बडोद्यात गुजरातीत, हैदराबादेत तेलुगूत किंवा इंग्रजीत. सही करणाऱ्याला लिपीच वाचता येत नाही आणि तो शपथेवर सांगतो की मजकूर खरा आहे! अशा वेळी मजकूर आपल्या भाषेत समजावून घ्यावा आणि तो समजावून सांगितल्याची नोंद त्याच कागदावर करून घ्यावी. कोर्टात साक्ष द्यायची असेल तर दुभाषी मागायला लाजू नये. १९६९ च्या कायद्याने दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते, त्यामुळे नीट भाषांतर करणं ही त्याचीही कायदेशीर जबाबदारी होते.

मग लोक घाबरत का नाहीत?

कारण शिक्षेपर्यंत जाणारी वाट अवघड आहे. कोर्टातल्या खोट्या साक्षीसाठी शेजारी परस्पर फिर्याद लावू शकत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली त्या कोर्टालाच वाटावं लागतं की चौकशी न्यायाच्या हिताची आहे आणि तक्रारही कोर्टाकडूनच जावी लागते. आधीच प्रकरणं तुंबलेली, त्यात मूळ दावा संपला की हा विषय मागे पडतो. उमेदवाराने संपत्ती किंवा गुन्हे लपवले तर कलम १२५-अ प्रमाणे शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. मंत्र्याने पदाची शपथ मोडली तर त्यासाठी वेगळी शिक्षा घटनेत लिहिलेलीच नाही. शपथ न घेता सभागृहात बसलं तर मात्र दिवसाला ५०० रुपये दंड आहे.

म्हणजे परिस्थिती अशी, की ज्या शपथेला कायद्यात किंमत नाही तिला लोक घाबरतात आणि जिच्यामागे सात वर्षांची कैद आहे ती न वाचता सही करून मोकळे होतात. पुढारी दोन्हीचा फायदा घेतात. गरिबाला भंडाऱ्याने बांधायचं आणि स्वतः दोन तृतीयांशाचा हिशोब करून निघून जायचं.

पुढच्या निवडणुकीत कुठला उमेदवार कुठल्या देवळात गेला, ते बघून उपयोग नाही. त्याचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर असतं. मागच्या वेळचं आणि आताचं शेजारी ठेवा, आकडे जुळवून बघा. शंका आली तर विचारा, कारण त्या कागदावर त्याने शपथेवर सही केलेली असते.