मोस्तारचा तडा नदीवर नव्हता

सार्वजनिक बांधकाम खात्यात पुलांच्या कामातच माझी सारी नोकरी झाली. त्यामुळे बोस्नियात मोस्तारचा जुना पूल पाहताना नजर आधी सांध्यांवर गेली. तिथल्याच खाणीतला तेनेलिया नावाचा फिकट दगड, दगडाला दगड धरून ठेवणाऱ्या लोखंडी पकडी, खाचांत ओतलेलं शिसं. ऑटोमन वास्तुकार सिनानचा शिष्य हैरुद्दीन याने १५६६ मध्ये पुरी केलेली ही कमान नेरेत्वा नदी एका झेपेत ओलांडते. मध्ये एकही खांब नाही.

९ नोव्हेंबर १९९३ रोजी बोस्नियातल्या क्रोएट फौजेच्या तोफगोळ्यांनी ती नदीत कोसळली. हंगेरीच्या लष्करी पाणबुड्यांनी तळातून दगड वर काढले, पण बहुतेक पुन्हा लावण्याजोगे राहिले नव्हते. मग नवे घडवले. जागतिक बँक, तुर्कस्तान, इटली, नेदरलँड्स यांनी पैसा दिला, क्रोएशियानेही दिला. २३ जुलै २००४ रोजी पूल पुन्हा खुला झाला. तुर्की पाथरवटांचं काम असं की हात जोडावेत. या पुलावरचा एक पैसाही वाया गेला असं मी म्हणणार नाही.

मात्र या पुलाने दुभंगलेलं शहर जोडलं, असं जे जगभर सांगितलं जातं ते मला पटत नाही. पुलावरून पश्चिमेला उतरून चालत राहा. बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) आणि क्रोएट यांच्या युद्धात पुलाची दोन्ही टोकं बोस्नियाकांच्याच ताब्यात होती. क्रोएटांचं मोस्तार लागतं ते पुढे, बुलेव्हार हा रुंद रस्ता ओलांडल्यावर. आघाडी त्या रस्त्यावर होती. तडा नेमका कुठे आहे ते आधी पाहायचं, हे आमच्या कामातलं पहिलं कलम. इथे तडा बुलेव्हारवर होता आणि दुरुस्ती नदीवर झाली.

त्याच रस्त्यालगत, स्पॅनिश चौकात, मोस्तारची जुनी जिम्नॅशियम शाळा आहे. पूल खुला झाला त्याच वर्षी तिचा कारभार एकत्र आला. इमारत एक, प्रशासन एक, अभ्यासक्रम मात्र दोन. बोस्नियाक मुलांचा इतिहास वेगळा, क्रोएट मुलांचा वेगळा. भाषेचे तासही वेगळे, आणि ही मुलं एकमेकांशी बोलली तर त्यांना दुभाषा लागत नाही! मला या शहरातली सर्वांत जास्त सलणारी गोष्ट हीच.

मतपेटीचंही तेच झालं. नियमांवर मोठे पक्ष अडून बसले आणि २००८ नंतर थेट डिसेंबर २०२० पर्यंत इथे महापालिकेची निवडणूकच झाली नाही. इर्मा बारालिया ही मोस्तारची रहिवासी स्ट्रासबुर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेली, २०१९ मध्ये जिंकली, तेव्हा कुठे चक्रं फिरली.

बोस्नियातल्याच यायत्से गावात बोस्नियाक मुलांसाठी वेगळी माध्यमिक शाळा काढायचं ठरत होतं. दोन्हीकडची मुलं एकत्र रस्त्यावर उतरली आणि २०१७ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. मोस्तारच्या पुलासाठी ज्यांनी तिजोरी उघडली, त्यांनी आता अशा मुलांमागे उभं राहावं. जिम्नॅशियममध्ये इतिहासाचा एक तरी सामायिक तास सुरू करावा. दोन्ही बाजूंच्या शिक्षकांनी मिळून त्याचं पुस्तक लिहावं, त्यांच्या पगाराची तरतूद व्हावी, आणि बोस्नियाला मदत देताना ही अट पहिल्या पानावर असावी.