दोन टक्क्यांच्या पलीकडची जबाबदारी

पुण्याच्या कर्वेनगरात आज जुने बंगले व तीन-चार मजली इमारती पाडून त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. पुनर्विकासामुळे अनेक कुटुंबांना अधिक प्रशस्त घर मिळेल, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु या घरांना लागणारी खडी, वाळू, विटा व सिमेंट ज्यांच्या श्रमातून तयार होते, त्यांच्याविषयी या उद्योगाचे कर्तव्य कोणते, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आज आपण त्याचा विचार करणार आहोत.

कंपनी कायदा, २०१३ मधील १३५ व्या कलमाने उद्योगांचे सामाजिक उत्तरदायित्व कायद्याच्या चौकटीत आणले. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी अथवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी मर्यादा कंपनीने गाठली, तरी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम तिने समाजोपयोगी कामांवर खर्च करावी, असे त्या वेळी ठरले. खर्च करताना कारखान्याच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो.

सिमेंटच्या बाबतीत ही व्यवस्था बऱ्याच अंशी जुळते. कंपन्या मोठ्या आहेत, चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर, घुग्घुस अशा ठिकाणी त्यांचे कारखानेही ठळकपणे दिसतात. खडीचे तसे नाही. दगडखाणी व खडीयंत्रे बहुधा लहान मालकांच्या हाती असतात. कायद्याने घातलेल्या मर्यादेच्या आसपासही ते पोहोचत नाहीत. म्हणजे ज्या कामात धूळ सर्वाधिक, सुरुंगाचा धोका सर्वाधिक आणि मजूर स्थलांतरित, नेमके तेच काम या कलमाच्या कक्षेबाहेर राहते. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींवरील मुलांसाठी ‘संतुलन’ या संस्थेने पाषाण शाळा चालविल्या, त्या याच उणिवेची आठवण करून देतात. शाळा मुलांपर्यंत न्यावी लागली, कारण खाणीवर राहणाऱ्या कुटुंबाची मुले शाळेपर्यंत पोहोचत नव्हती.

येथे दान आणि कर्तव्य यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. कंपनीने स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च सामाजिक उत्तरदायित्वाच्या हिशेबात धरता येत नाही, असे नियमच सांगतात, आणि ते योग्य आहे. धुळीपासून रक्षण, रास्त वेतन, पिण्याचे पाणी हे उपकार नव्हेत. ते आधी द्यायचे देणे आहे. ते थकवून गावात सभागृह बांधून दिले, तर दानाचा फलक लागेल, पण देणे फिटणार नाही.

खऱ्या दातृत्वाचे उदाहरण कर्वेनगरातच आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली हिंगण्याला आला, तो रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जमिनीवर. त्याच संस्थेने १९९१ साली कमिन्स उद्योगाच्या साहाय्याने मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय उभारले. तेव्हा दोन टक्क्यांचा कायदा अस्तित्वातही नव्हता.

बांधकामाच्या जागेवरील मजुरांसाठी मात्र वेगळी तरतूद आहे. १९९६ च्या कायद्यांनुसार बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर घेऊन कल्याणकारी मंडळामार्फत तो मजुरांसाठी वापरला जाऊ लागला. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही उपकराची तरतूद कायम आहे. पण लाभ मिळण्यासाठी मजुराची नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाणाऱ्या मजुराला तो कोण देणार? २९ जून २०१९ रोजी कोंढव्यात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण मरण पावले, त्यांत लहान मुलेही होती. उपकर भरला म्हणून मजुराच्या निवाऱ्याची जबाबदारी संपत नाही, हे त्या रात्रीने दाखवून दिले.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ सालच्या आपल्या परिपत्रकात म्हटले आहे, की उद्योगाने केवळ मालकांचे हित पाहून चालणार नाही. कामगार, ग्राहक, माल पुरविणारे व भोवतालचा समाज या सर्वांप्रती तो उत्तरदायी आहे. या यादीत माल पुरविणाऱ्यांचा उल्लेख आहे, ही बाब महत्त्वाची. मोठा विकासक ज्या लहान खाणीतून खडी घेतो, त्या खाणीतील मजुराकडे त्याला पाठ फिरवता येणार नाही.

आणि ग्राहक म्हणजे आपणच. पुनर्विकासाच्या करारापूर्वी वाहनतळ, फरशी व लिफ्ट यांविषयी आपण तासन्‌तास चर्चा करतो. त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी विचारता येतील : मजुरांची नोंदणी झाली आहे काय, त्यांचा निवारा सुरक्षित आहे काय, आणि खडी परवाना असलेल्या खाणीतून येते काय? उत्तरे करारात लेखी मागावीत. मोठमोठ्या कंपन्यांच्या दोन टक्क्यांवर आपला अधिकार चालत नाही, पण स्वतःच्या घराच्या करारावर तो निश्चितच चालतो.