कोळंबीच्या डोक्यांचा रस्सा

या सदरात आम्ही नेहमी घरच्या चुलीवरचे लिहितो. या खेपेस लिहिणार आहोत ते परमुलखातल्या, रस्त्यावरच्या गाडीवर मिळणाऱ्या एका पदार्थाविषयी. परक्यांच्या खाण्याचे कौतुक आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे आणि मग ठरवावे.

2018 च्या डिसेंबरात आम्ही आणि आमच्या सहचारिणी आठ दिवस मलेशियातल्या पेनांग बेटावर होतो. आमचा भाचा तिथे बायान लेपासच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला होता. पहिल्याच सकाळी तो म्हणाला, "मामा, घरी चहा नको. चला, तुम्हाला इथला नाष्टा दाखवतो." सकाळी सातला आम्ही जॉर्जटाऊनमधल्या एका कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बसलो. अशा दुकानाला तिकडे 'कोपीतियाम' म्हणतात, म्हणजे कॉफीचे दुकान. चहा-कॉफी दुकानदाराची. खाण्याच्या गाड्या मात्र वेगवेगळ्या लोकांच्या. त्यांनी त्याच दुकानात जागा भाड्याने घेतलेली असते. गाडीवाल्याला काय हवे ते सांगायचे, टेबल दाखवायचे आणि बसायचे. वाडगा समोर आला की पैसे द्यायचे.

भाच्याने मागवले 'होक्कियन मी'. पेनांगमध्ये याचा अर्थ कोळंबीच्या रश्श्यातले नूडल्स. हेच नाव क्वालालंपूरमध्ये घेतले तर काळ्या सॉसमध्ये परतलेले नूडल्स पुढे येतात. सिंगापूरमध्ये कोळंबी घालून परतलेले मिळतात. तिथे रश्श्याचा प्रकार हवा असेल, तर 'प्रॉन मी' म्हणावे लागते. होक्कियन बोलीत 'मी' म्हणजे नूडल्स. जन्मभर 'आम्ही, आम्ही' लिहिणाऱ्या माणसाला हजारो किलोमीटरवर जाऊन 'मी' खावे लागले, म्हणून आमच्या सहचारिणी हसल्या.

वाडगा आला. तांबूस, दाट रस्सा आणि वर तिखटाचा लाल तवंग. आत गव्हाचे पिवळे नूडल्स आणि तांदळाच्या बारीक शेवया एकत्र. मुगाचे लांब पांढरे कोंब, नाळीची भाजी, अर्धे उकडलेले अंडे, सोललेली कोळंबी, डुकराच्या मांसाचे पातळ काप. त्यावर कुरकुरीत तळलेला कांदा आणि चमच्याच्या टोकावर लाल मिरचीची परतलेली चटणी. किंमत साडेपाच रिंगिट, म्हणजे तेव्हाचे आपले नव्वदएक रुपये. मलेशियातले मुसलमान बांधव डुकराचे मांस नसलेला आपला वेगळा प्रकार करतात, त्याला 'मी उडांग' म्हणतात.

आम्ही पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबलो. भाच्याला वाटले, तिखट लागले. तिखट लागले नव्हते. ती चव आमच्या ओळखीची होती.

आमची आई बंदरावरच्या एका शेडमध्ये कोळंबी सोलायला जात असे. पहाटे जायचे, बर्फातल्या कोळंबीच्या ढिगापुढे बसायचे आणि सोललेल्या मालाच्या वजनावर मजुरी घ्यायची. बोटांची सालटी निघालेली असत. माल शेडच्या मालकाचा. बायकांना घरी नेता यायची ती फक्त डोकी आणि टरफले, तीही मुकादमाची मर्जी असेल तर. आई ती डोकी फडक्यात बांधून आणी. स्वच्छ धुवून, मिशा आणि डोळ्यांकडचे टोक कापून ती तव्यावर लाल होईपर्यंत भाजायची. मग पाट्यावर लसूण-मिरचीबरोबर वाटायची. ते वाटण पाण्यात कालवून फडक्यातून पिळायचे आणि तो रस चिंच घालून उकळायचा. भाकरी कुस्करून आम्ही पाच भावंडे खात असू.

आणि आम्हाला त्याची लाज वाटे. शाळेत एकदा एका मुलाने आमच्या कपड्यांना वास येतो म्हणून बाक बदलला. त्या दिवशी घरी येऊन आम्ही आईला म्हणालो, "लोकांच्या घरी कोळंबी असते, आपल्याकडे नुसती डोकी." आई एवढेच म्हणाली, "खरा रस डोक्यातच असतो रे." पुढे नोकरी लागली. पहिल्या पगाराला आम्ही बाजारातून मोठी कोळंबी आणली आणि मोठ्या ऐटीत आईला सांगितले, "आता ती डोकी घरात आणायची नाहीत." तिने पुन्हा कधी आणली नाहीत. 1996 साली आई गेली. तो रस्सा तिच्याबरोबर गेला असेच आम्ही समजत होतो.

तर पेनांगच्या त्या गाडीवरचा रस्सा कशाचा असतो, ते ऐका. कोळंबीची डोकी आणि टरफले तेलात लाल होईपर्यंत परततात, कुटतात, पाण्यात उकळतात आणि गाळून घेतात. डुकराची हाडे कित्येक तास उकळून त्यांचा अर्क त्यात मिसळतात. सुक्या मिरच्या आणि छोटे कांदे वाटून, परतून घालतात. थोडी खडीसाखर. बाकी नूडल्स, अंडे, कोंब हे सगळे वरचे. चव आहे ती फेकून द्यायच्या वस्तूची.

यात नवल नाही. हा पदार्थ आणला तोच गरिबांनी. 1786 साली इंग्रजांनी पेनांग ताब्यात घेतले, तिथे बंदर वाढले. दक्षिण चीनच्या फुजियान प्रांतातले होक्कियन लोक समुद्र ओलांडून पोटासाठी येत राहिले. कोणी व्यापार केला, पुष्कळांनी हमाली केली. ज्याच्याजवळ भांडवल नव्हते, त्याने खांद्यावर कावड घेतली आणि एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला वाडगे ठेवून गल्लोगल्ली अन्न विकले. 2008 साली युनेस्कोने जॉर्जटाऊनला जागतिक वारशाचा मान दिला. आज लांबलांबचे प्रवासी तिथे याच गाड्यांवर जेवायला येतात.

गाडीवर साठीचे एक जोडपे होते. भाच्याने मलायी भाषेत विचारून आम्हाला सांगितले की, दोघे पहाटे तीनला उठतात, दुपारी रस्सा संपला की गाडी बंद. मुलगी हिशेबनीस, मुलगा कंपनीत. दोघांपैकी कोणालाही गाडी नको. "नकोच," आजीबाई म्हणाल्या, "हेच काम त्यांना करावे लागू नये म्हणून तर आम्ही ते केले." हे वाक्य आम्हाला नवे नव्हते. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक आईने ते कधी ना कधी म्हटलेले आहे.

मागे मोरीपाशी एक बाई बसून कोळंबी सोलत होत्या. वय पस्तीसएक. म्यानमारहून आलेल्या, सात वर्षे याच गाडीवर. त्यांची बोटे आम्ही पाहिली. ती बोटे आम्ही लहानपणी रोज पाहिली होती. आम्ही विचारले, "यांना रस्सा येतो का?" म्हातारबाबा हसले. "माझ्याइतकाच येतो. पण कढईपाशी तिला उभे करता येत नाही." पेनांग सरकारने 2014 साली जाहीर केले होते की, अशा गाड्यांवर परदेशी माणसाने स्वयंपाकी म्हणून काम करू नये. 2016 पासून तो नियम लागू झाला. धुणे, सोलणे, वाढणे चालेल. शिजवणे नाही.

नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या गावाची चव बिघडू नये, असे कोणालाही वाटेल. पण आमच्या मनात आले की, ज्या होक्कियन माणसाने पहिली कावड उचलली तोही परदेशीच होता. पदार्थ टिकतो तो करणाऱ्याच्या हाताने. ज्यांच्या घरात तो जन्मला त्यांची मुले पुढे निघून गेली, हे चांगलेच झाले. मग जी बाई सात वर्षे डोकी सोलते आहे, तिने शिजवले तर चव कशी बिघडेल? डोकी सोलायला तिचे हात चालतात, आणि शिजवायला चालत नाहीत, हे आमच्या गळी उतरले नाही.

उठताना आम्ही तिला हात जोडले. तिनेही ओले हात जोडले. भाषा एकमेकांची येत नव्हती.

घरी आल्यावर आम्ही आईचा रस्सा करून पाहिला. पहिल्यांदा करपला, दुसऱ्यांदा जमला. तुम्हीही करून पाहा. कोळंबी ताजी हवी. डोकी टाकू नका, धुवून डोळ्यांकडचे टोक कापा. थोड्या तेलात लसणीबरोबर लाल होईपर्यंत परता, पाणी घालून अर्धा तास उकळा, वाटा आणि गाळा. बारीक गाळा, टरफल घशाला टोचते. मग तिखट, मीठ, चिंच. भाकरी असो, भात असो की दुकानातले नूडल्स, सगळ्यांबरोबर जाते. कोळंबी ज्यांना बाधते त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

आणि एक विनंती. तुमच्या आईने, आजीने टाकाऊ म्हणून मिळालेल्या वस्तूचे काय काय शिजवले, ते आम्हाला लिहून कळवा. त्या घरात असतील तर आजच विचारा. आम्ही विचारायचे सोडून 'आणू नकोस' असे सांगितले होते.