पगारावरील कर : सवलत आणि अतिचार

यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा येथील पेढ्यांवर एके काळी पगार हा केवळ नावे बाजूचा शब्द होता. मुनीमजींचा, हमालांचा, जिनातील फिटरचा पगार खर्ची पडे; घरातील माणूस मात्र पगार घेत नसे. आज त्याच घरांतील मुले पुण्या-नागपुरात नोकरी करतात, सुना बँकेत वा महाविद्यालयात काम करतात. वहीखात्याच्या शेजारी आता फॉर्म १६ ही येऊन बसला आहे, आणि त्याच्याबरोबर दर वर्षीचा सल्लाही : ‘काकांच्या नावाची भाड्याची पावती लावून टाक, कोण पाहतो?’

या सल्ल्याचे उत्तर श्रावकाला नवे नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत विरुद्धराज्यातिक्रम हा एक आहे. राज्याचे नियम डावलून लाभ घेणे, हा त्याचा रूढ अर्थ. राज्याने स्वतः दिलेली सवलत घेणे मात्र अतिचार नव्हे. तो सावध गृहस्थाचा व्यवहार आहे. या दोहोंतील रेषा ओळखता आली की खोट्या पावतीची गरजही बहुधा उरत नाही.

आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या आकड्यांवरून हे तपासता येते. नवी करपद्धती आता आपोआप लागू होते. तीत पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते आणि १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पूर्ण करसूट आहे. म्हणजे केवळ पगारच असेल, तर पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य. शेअर विक्रीच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ही सूट लागू होत नाही, एवढे लक्षात ठेवावे. बारा लाख पगाराच्या मुलाने नव्या पद्धतीत खोटी पावती जोडणे म्हणजे शून्यातून वजाबाकी करणे होय. घरभाड्याची सवलत त्या पद्धतीत मुळात नाहीच.

समजा, पगार १६ लाख आहे. नव्या पद्धतीत करपात्र रक्कम १५ लाख २५ हजार आणि उपकरासह कर १,१३,१०० रुपये. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट ५० हजार आणि व्यवसाय कर अडीच हजार. त्यापुढे भविष्य निर्वाह निधी, विमा इत्यादींचे दीड लाख, राष्ट्रीय पेन्शन योजनेत स्वतः भरलेले ५० हजार, स्वतःच्या कुटुंबाच्या आरोग्य विम्याचे २५ हजार व ज्येष्ठ आईवडिलांच्या विम्याचे ५० हजार, राहत्या घराच्या कर्जावरील व्याज दोन लाख. इतके सारे खरोखर भरले, तरी कर १,३९,६२० रुपये येतो. जुनी पद्धत परवडण्यासाठी याउपर आणखी सुमारे ९१ हजारांची खरी वजावट हवी. म्हणून आधी दोन्ही हिशेब मांडावेत, मगच पद्धत निवडावी. ज्याला धंद्याचे उत्पन्न नाही, असा पगारदार दर वर्षी ही निवड बदलू शकतो. मालकाला एक पद्धत कळवली असली, तरी मुदतीत विवरणपत्र भरताना दुसरी घेता येते.

नव्या पद्धतीतही एक मोठी वाट उघडी आहे. मालकाने कर्मचाऱ्याच्या राष्ट्रीय पेन्शन खात्यात भरलेली रक्कम मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होते. वरील उदाहरणात मूळ वेतन आठ लाख असेल आणि त्याच १६ लाखांतून १,१२,००० रुपये असे वळवून घेतले, तर कर १७,४७२ रुपयांनी घटतो. त्यासाठी वेतनाची रचना वर्षाच्या आरंभीच ठरवून घ्यावी लागते. मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नाही.

घरभाडे भत्त्याची सूट जुन्या पद्धतीत आहे. मिळालेला भत्ता, भाड्यातून वेतनाचा दहावा हिस्सा वजा जाता उरणारी रक्कम आणि यवतमाळसारख्या गावी वेतनाचे ४० टक्के, या तिहींतील सर्वांत लहान रक्कम करमुक्त होते. घर वडिलांच्या मालकीचे असेल तर त्यांना भाडे देणे निषिद्ध नाही. पण ते बँकेतून द्यावे, करारनामा असावा आणि वडिलांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवावे. वार्षिक भाडे लाखाच्या वर गेल्यास घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि खोटी पावती नेमकी तेथेच उघडी पडते. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर विभागाने देशभर १५० ठिकाणी बनावट वजावटींची तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटींचे चुकीचे दावे मागे घेतल्याचेही विभागाने सांगितले. चुकीची माहिती देऊन बुडवलेल्या करावर दंड दुप्पट आहे.

पेढीवरच्या कुटुंबाने आणखी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. भागीदाराला फर्मकडून मिळणारे वेतन कायद्याने पगार नव्हे, धंद्याचे उत्पन्न आहे. त्याला ७५ हजारांची वजावट नाही. पत्नीला पतीच्या पेढीतून पगार दिला आणि त्या कामाला लागणारे तांत्रिक वा व्यावसायिक ज्ञान तिच्याकडे नसेल, तर तो पगार पतीच्याच उत्पन्नात धरला जातो. आणि पर्युषणातील दानाची वजावट केवळ जुन्या पद्धतीत, मान्यताप्राप्त संस्थेलाच, आणि रोख असल्यास दोन हजारांपर्यंतच मिळते. दानाचे पुण्य अर्थातच या अटींवर अवलंबून नाही.

शेवटी, पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या दोनशे रुपयांविषयी. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे राज्यभर उभी राहिली, तेव्हा मुख्यमंत्री होते पुसदचे वसंतराव नाईक. त्या योजनेच्या खर्चासाठीच १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. वर्षाला तो जास्तीत जास्त अडीच हजार. एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत मासिक वेतन असलेल्या स्त्रियांना तो पूर्ण माफ आहे. दुकानावर काम करणाऱ्या एखाद्या भगिनीच्या पगारातून तो अजूनही कापला जात असेल, तर ती कपात थांबवणे हे मालकाचे पहिले काम. आपली सवलत शोधणाऱ्या गृहस्थाने दुसऱ्याचीही विसरू नये.