स्मृतिवर्धक बाटली आणि आपण

फेब्रुवारी उजाडला की चिकित्सालयात पालकांची रीघ लागते. “वैद्यराज, वाचलेले लक्षात राहत नाही, ब्राह्मीचे काहीतरी द्या,” ही मागणी ठरलेली. परीक्षेला पंधरा दिवस उरलेले असतात. आपण लिहून देतो, औषधालय बाटली देते. हे थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विसरणे हा बहुधा रोग नव्हे. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून १८८५ साली दाखवले की, पाठांतराचा निम्म्याहून अधिक भाग पहिल्या तासाभरातच निसटतो. नंतर हा वेग मंदावतो. उजळणीने तो आणखी आवरतो. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात स्मृतीची आठ कारणे दिली आहेत. त्यांत अभ्यास आहे, पुनःश्रुत आहे, औषध नाही.

मग मेध्य रसायने व्यर्थ का? मुळीच नाही. परंतु चिकित्सास्थानातील त्या चार रसायनांत मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची आणि शंखपुष्पी आहेत. ब्राह्मी नाही, हे आपल्यापैकी किती जणांना चटकन आठवते? त्यातून आपल्याकडच्या बाजारात ब्राह्मी म्हणून पुष्कळदा मंडूकपर्णीच मिळते. औषधालयचालकांनी माल घेताना बॅकोपा की सेंटेला, हे विचारून घ्यावे. बॅकोपाची ऑस्ट्रेलियात ४० ते ६५ वयोगटात तीन महिने चाचणी झाली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार शिकण्याचा वेग वाढला नाही. नव्याने शिकलेले विसरण्याचा वेग मात्र कमी झाला. तीन महिन्यांचे काम पंधरा दिवसांत कसे व्हावे?

याहून गंभीर बाब वृद्धांची. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. शुद्ध शाकाहारी, नावे विसरत, पायांना मुंग्या येत. वार्धक्यजन्य वातप्रकोप समजून मी तीन महिने ब्राह्मीघृत दिले. मुंग्यांकडे मी लक्षच दिले नाही, ही चूक माझी. अखेर त्यांच्या मुलाने रक्त तपासून आणले. जीवनसत्त्व बी-१२ अतिशय कमी होते. इंजेक्शनांनी स्मृती बरीच सुधारली, पायांची बधिरता मात्र पूर्ण गेली नाही.

तेव्हापासून विस्मृतीची तक्रार आली की आहार, निद्रा आणि चालू औषधे विचारतो. बी-१२ व थायरॉईड तपासून घेतो. घृताची बरणी त्यानंतर उघडतो.